इंजिन काढलेली गाडी : तीच की निराळी?

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात तादात्म्याचा प्रश्न येतो, तेव्हा आपण सर्वजण थीसिअसच्या जहाजाचे उदाहरण पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि विसरून जातो. विसरण्याचे कारणही उघड आहे. ते जहाज कोणी पाहिलेले नाही, त्याच्या फळ्या बदलल्या काय किंवा न बदलल्या काय, आपले काहीच अडत नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न मी एका मोटारगाडीच्या आधाराने मांडणार आहे. इंग्लंडात गेल्या काही वर्षांत जुन्या, नावाजलेल्या, उघड्या टपाच्या गाड्यांचे पेट्रोल इंजिन काढून त्या विजेवर चालवण्याचा एक उद्योगच उभा राहिला आहे. त्यावरून तेथे कडाक्याचे वाद झाले आहेत. कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रांच्या भानगडीत पडू नये असे कोणास वाटेल. परंतु या वादातील खरा पेच यंत्रशास्त्राचा नसून आपल्या शाखेचा आहे, असे माझे मत आहे.

आरंभीच एक शब्दाची अडचण दूर करतो. मराठीत 'मोटार' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. शहरात मोटार म्हणजे गाडी. गावाकडे 'मोटार चालू कर' म्हटले की पोरगे विहिरीकडे पळते. ज्या गाड्यांविषयी मी लिहिणार आहे त्या दोन्ही अर्थांनी मोटारी झाल्या आहेत. म्हणून या लेखात वाहनास 'गाडी' आणि विजेच्या यंत्रास 'मोटर' असे म्हणतो.

उदाहरणासाठी मी जॅग्वार कंपनीची ई-टाइप ही गाडी निवडली आहे. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली आणि १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहात्तर हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. दोन जणांपुरती बैठक, गुंडाळून मागे टाकता येणारे कापडी छत, आणि गाडीच्या लांबीचा जवळजवळ निम्मा भाग व्यापणारे निमुळते बॉनेट. तिचा आकार माल्कम सेयर याने आखला. तो मूळचा विमानांच्या कारखान्यातला माणूस. हवेचा विरोध कमीत कमी व्हावा म्हणून तो गाडीची वळणे गणिताने काढीत असे. सुंदर दिसावे म्हणून नव्हे. तरीही न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये १९६३ सालची एक उघडी ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. चित्रे आणि शिल्पे ज्या छताखाली, त्याच छताखाली ही गाडी. या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

त्या लांब बॉनेटखाली काय होते? तेथे 'एक्स-के' नावाचे सहा सिलिंडरांचे इंजिन होते, आणि त्याची जन्मकथा सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्री शहरावर बॉम्बफेक झाली. आगीवर लक्ष ठेवण्यासाठी कारखान्यातील लोकांना रात्रीचे पहारे द्यावे लागत. जॅग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी आपले इंजिनिअर हेन्स, हॅसन आणि बेली यांना आपल्याबरोबर एकाच पहाऱ्यावर घेतले. युद्ध संपल्यावर कोणते इंजिन बनवायचे, याची चर्चा या मंडळींनी त्या रात्री बसून केली. १९४८ मध्ये ते इंजिन लंडनच्या प्रदर्शनात आले आणि १९९२ पर्यंत या ना त्या गाडीत बसत राहिले. त्याच वंशातल्या इंजिनांवर जॅग्वारने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९५१ पासून १९५७ पर्यंत पाच वेळा जिंकली. तेव्हा ई-टाइपमधले इंजिन म्हणजे केवळ एक लोखंडी ठोकळा नव्हे, एवढे ध्यानात यावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे इंजिन उंच होते आणि सहाही सिलिंडर एका ओळीत असल्यामुळे लांब होते. बॉनेट लांब झाले ते या लांबीमुळे. बॉनेटच्या मध्यावर जो डौलदार फुगवटा आहे तो इंजिनाचा माथा खाली मावत नव्हता म्हणून. बॉनेटवर ज्या चिरा आहेत त्या आतली धग बाहेर जावी म्हणून. ज्या रूपाचे आपण कौतुक करतो ते रूप आतल्या वस्तूने घडवलेले आहे; घागरीचा आकार आतल्या पोकळीवरून ठरावा तसे.

आता २०१७ साली काय झाले ते पाहू. जॅग्वारने १९६८ सालची एक उघडी ई-टाइप घेतली, तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स काढला आणि 'ई-टाइप झिरो' या नावाने विजेची गाडी म्हणून ती सप्टेंबरात लंडनमध्ये दाखवली. (२००८ पासून जॅग्वार ही कंपनी टाटा समूहाच्या मालकीची आहे, म्हणजे या प्रयोगाची मालकी शेवटी मुंबईत येते, हे जाता जाता सांगण्यास हरकत नाही.) पुढे १९ मे २०१८ रोजी राजपुत्र हॅरी आणि मेगन मार्कल विवाहानंतर विंडसरच्या किल्ल्यातून संध्याकाळच्या मेजवानीस निघाले ते याच गाडीतून, आणि जगभरच्या लोकांनी ही गाडी दूरचित्रवाणीवर पाहिली. पाटीवर लग्नाची तारीख होती. आवाज मात्र जवळजवळ नव्हताच.

कारागिरांनी हे केले कसे, ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण पुढचा युक्तिवाद त्यावर उभा आहे. बॅटरीचा गठ्ठा इंजिनाच्याच मापाचा आणि जवळपास त्याच वजनाचा ठरवण्यात आला आणि तो नेमका इंजिनाच्या जागी बसवण्यात आला. मोटर गिअरबॉक्सच्या जागी. तेथून नवा दांडा मागे जातो आणि मागची चाके फिरवणारा जो जुना डिफरन्शियल, त्याला जुळतो. तो जुनाच ठेवला. सस्पेन्शन आणि ब्रेकही बदलले नाहीत. गाडी मूळच्यापेक्षा ४६ किलोंनी हलकी झाली आणि पुढच्या-मागच्या चाकांवरील भाराची वाटणी पूर्वीसारखीच राहिली. मोटरची शक्ती २२० किलोवॅट, म्हणजे सुमारे २९५ अश्वशक्ती. मूळच्या इंजिनाची कंपनीने सांगितलेली शक्ती २६५ होती. थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास साडेपाच सेकंद, म्हणजे जुन्या गाडीपेक्षा जवळजवळ एक सेकंद कमी. पेट्रोल इंजिनाला जोर येण्यासाठी आधी फेरे वाढवावे लागतात. मोटरचा जोर पहिल्या फेऱ्यापासून पुरा असतो. आपल्या विहिरीवरचा पंप बटण दाबताच पाणी फेकतो, तसेच हे.

बॅटरी ४० किलोवॅट-तासांची होती. हा शब्द बोजड वाटतो, पण आपल्या घरच्या वीज बिलावर ज्याला 'युनिट' म्हणतात तेच हे. चाळीस युनिट विजेवर गाडी सुमारे २७० किलोमीटर जाईल असे कंपनीने सांगितले. याच्याशी पेट्रोलची तुलना करून पाहा. ई-टाइपच्या टाकीत सुमारे ६४ लिटर पेट्रोल मावे. एका लिटरमध्ये सुमारे नऊ युनिट उष्णता असते; म्हणजे टाकी भरली की पावणेसहाशे युनिट. पण इंजिन त्यातला फार तर चौथा हिस्सा चाकांकडे पाठवते, उरलेली उष्णता रेडिएटर आणि धुराड्यातून वाया जाते. मोटर मात्र मिळालेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास कामी लावते. असे असूनही बॅटरीची अडचण सुटत नाही, कारण ६४ लिटर पेट्रोलचे वजन पन्नास किलोंच्याही आत भरते, तर चाळीस युनिटांची बॅटरी अडीचशे ते पावणेतीनशे किलोंची होते. जुन्या गाडीचे रूपांतर म्हणजे मुख्यतः हे वजन कोठे ठेवायचे याचा विचार.

उघड्या गाडीत तो विचार अधिक नाजूक होतो. बंद गाडीला टपाचा आधार असतो. चारी बाजूंनी बांधलेल्या पेटीसारखी ती ताठ राहते. उघडी गाडी म्हणजे झाकण नसलेला खोका. तिचा सगळा ताण तळाला आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना पेलावा लागतो. अशा गाडीच्या मागच्या भागात कोणी जड बॅटऱ्या कोंबल्या, तर स्प्रिंगा दबतात, वळणावर मागची बाजू फेकली जाते आणि साठ वर्षांच्या पत्र्याला तडे जाण्याची भीती असते. जॅग्वारने बॅटरी इंजिनाच्याच जागी ठेवली त्यात हे शहाणपण होते. लहान कारखाने दुसरी रीत वापरतात. ते मूळचा गिअरबॉक्स ठेवून मोटर त्याला एका जाड पट्टीने जोडतात, आणि मग चालक बहुतेक वेळ एकाच गिअरमध्ये गाडी हाकतो. बॅटऱ्या पुष्कळदा अपघातात मोडलेल्या नव्या विद्युत् गाड्यांतून काढलेल्या असतात.

इंजिन गेले की त्याच्याबरोबर काय काय जाते, ही यादी मला स्वतःला फार बोधप्रद वाटली. ब्रेकला मदत करणारी निर्वात शक्ती इंजिनाच्या श्वासातून मिळत असे. आता त्यासाठी विजेवर चालणारा छोटा पंप लावावा लागतो. थंडीत पायाशी ऊब येई ती रेडिएटरच्या गरम पाण्याची; आता विजेची शेगडी हवी. दिव्यांना बारा व्होल्ट पुरवणारा डायनामो इंजिनावर फिरे; आता तीन-चारशे व्होल्टांच्या बॅटरीतून ते बारा व्होल्ट उतरवून घ्यावे लागतात. इंजिन केवळ गाडी ओढत नव्हते, ते घरातल्या थोरल्या बाईसारखे दहा जणांना काहीबाही पुरवीत होते, हे ते गेल्यावर कळते.

तर आता प्रश्न असा : ही गाडी तीच आहे काय?

प्लूटार्कने सांगितलेल्या जहाजाच्या कथेत फळ्या एकेक करून बदलतात आणि नव्या फळ्या जुन्यांसारख्याच असतात. येथे तसे नाही. येथे एकाच दिवशी एक मोठा भाग निघतो आणि त्याच्या जागी सर्वस्वी निराळ्या जातीची वस्तू येते. त्यापेक्षा आपल्याकडचे मिलिंदपञ्हातील उदाहरण अधिक जवळचे आहे, कारण तेथे वाहनच आहे. राजा मिलिंद नागसेनाला भेटण्यास रथातून आला. नागसेनाने विचारले, महाराज, ईषा म्हणजे रथ काय? अक्ष म्हणजे रथ काय? चाके, सांगाडा, जू, लगाम, यांपैकी रथ कोणता? प्रत्येकाला राजाने 'नाही' म्हटले. मग या भागांवेगळा काही रथ आहे काय? तेही नाही. तेव्हा 'रथ' हे भागांच्या आधाराने पडलेले एक व्यवहाराचे नाव आहे, असे नागसेन दाखवून देतो. हे मान्य केले तर ई-टाइप हेही एक नावच, आणि लोक जोवर त्या वस्तूला ई-टाइप म्हणतात तोवर ती ई-टाइप.

मला हे उत्तर अपुरे वाटते. नागसेनाला आत्म्याचा प्रश्न सोडवायचा होता. त्याला रथ जपून ठेवायचा नव्हता. ज्याला वस्तू जपायची आहे त्याला नावावर भागत नाही. भागांपैकी कोणता किती मोलाचा, हे त्याला ठरवावेच लागते.

आणि गंमत अशी की सरकारे हे ठरवतात, चक्क गुण देऊन. इंग्लंडात बदल केलेल्या गाडीला तिचा मूळचा नोंदणी क्रमांक ठेवता येईल की नाही, हे ठरवण्यासाठी पुष्कळ वर्षे गुणांची पद्धत होती. मूळ सांगाडा असेल तर ५ गुण, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्सादी प्रेषण आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला? फक्त १. एकूण चौदांपैकी आठ मिळाले की गाडी तीच. थीसिअसच्या जहाजावर अडीच हजार वर्षे डोके खाजवणाऱ्या मंडळींनी वाहन नोंदणीच्या कचेरीत जावयास हवे होते! या हिशेबाने ई-टाइपचे इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही काढले तरी अकरा गुण उरतात. (हे नियम २०२५ मध्ये बदलण्यात आले.)

आपल्या देशाने उलट बाजू घेतली आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम केले. त्यांत अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या सांगाड्यात, कायेत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे राजपुत्राने चालवलेली ती १९६८ ची गाडी उद्या मुंबईत आणली, तर वयाने ती केव्हाच पात्र आहे. पण इंजिनापाशी अडेल. दोन्ही नियमांचा हेतू निराळा आहे, हे मला मान्य आहे. पहिला ओळखीसंबंधी आहे, दुसरा मानासंबंधी. तरीही एकच वस्तू एका देशाच्या दप्तरात तीच राहते आणि दुसऱ्याच्या दप्तरात आपला दर्जा गमावते, हे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

जुन्या वाहनांच्या हौशी संघटनांचा एक जागतिक महासंघ आहे. 'फिवा' या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. जुन्या वास्तू कशा जपाव्यात याविषयी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली. तिच्या धर्तीवर या महासंघाने वाहनांसाठी ट्युरिनची सनद केली आणि २०१२ मध्ये ती संमत झाली. पुढे २०१९ मध्ये महासंघाने विद्युत् रूपांतरावर आपले मत जाहीर केले. ते थोडक्यात असे : गाडीच्या मालकाला काय वाटते तो त्याचा प्रश्न, परंतु अशी गाडी ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येत बसत नाही. तरीही कोणाला बदल करायचाच असेल, तर तो उलटवता येण्याजोगा करावा आणि काढलेले सर्व भाग खूण व तारीख घालून जपून ठेवावेत.

रूपांतर करणारे यावर तीन उत्तरे देतात. ती क्रमाने तपासू.

पहिले, पर्यावरण. येथे मी एक साधा हिशेब मांडून पाहिला. हौशी माणूस अशी गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालवतो असे धरू, आणि शंभर किलोमीटरला पंधरा लिटर पेट्रोल. वर्षाला तीनशे लिटर. एक लिटर जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षाला जेमतेम सातशे किलो. उलट बॅटरी तयार करतानाच एका युनिटमागे साधारणतः साठ ते शंभर किलो वायू हवेत जातो असे अभ्यासक सांगतात. चाळीस युनिटांना अडीच ते चार हजार किलो. तो डाग धुऊन निघायला साडेतीन ते सहा वर्षे, आणि यात चार्जिंगच्या विजेचा धूर धरलेलाच नाही. इंग्लंडातील शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले, तेव्हा तेथे तो थोडा; आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम धरावा लागतो आणि मुदत आठ वर्षांपर्यंत लांबते. जो माणूस रोज अशा गाडीतून कामावर जातो त्याचा हिशेब अर्थात वेगळा. मोडलेल्या गाडीची बॅटरी वापरली तर आणखी वेगळा. पण रविवारी फेरफटका मारणाऱ्याने पर्यावरणाचे नाव घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे उत्तर असे की उद्या शहरे पेट्रोलच्या जुन्या गाड्यांना बंदी करतील, तेव्हा या गाड्या निदान रस्त्यावर तरी राहतील. या भीतीत तथ्य असेल. पण एप्रिल २०१९ मध्ये लंडनने जुन्या गाड्यांवर धुराचा कर बसवला, तेव्हा चाळीस वर्षांवरील ऐतिहासिक गाड्यांना त्यातून वगळले होते, हेही सांगितले पाहिजे. शिवाय मधला मार्ग आहे. ब्रिटनचे राजे चार्ल्स यांना तरुणपणी मिळालेली ॲस्टन मार्टिन डीबी ६ ही उघडी गाडी जुन्याच इंजिनावर, पण मुख्यतः मद्यार्काच्या इंधनावर चालते, आणि ते इंधन टाकाऊ वाईन आणि चीज करताना उरणारे पाणी यांपासून काढलेले असते. येथे इंजिन राहिले, खाद्य बदलले. साखर कारखान्यांच्या प्रदेशातील वाचकांना यात नवल वाटू नये.

तिसरे उत्तर सर्वांत जोरकस आहे : आम्ही काहीही तोडत नाही. ॲस्टन मार्टिनने २०१८ मध्ये १९७० च्या एका उघड्या डीबी ६ साठी बॅटरी आणि मोटरची एक बंद पेटी तयार केली. ती इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या आधारांवर बसत त्याच आधारांवर बसते. वाटेल तेव्हा पेटी काढा, इंजिन घाला. जॅग्वारनेही मूळ भाग जपून ठेवण्याची हमी देऊन गिऱ्हाइकांसाठी रूपांतर सुरू करण्याचे २०१८ मध्ये जाहीर केले होते. २०१९ मध्ये तो बेत स्थगित झाला. वस्तू पूर्ववत करता येत असेल तर तक्रार कशाची? हॉब्जने १६५५ मध्ये थीसिअसच्या जहाजाला जी पुस्ती जोडली ती येथे आठवते. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते? ज्यांच्याकडे इंजिन खोक्यात आहे आणि गाडी विजेवर धावते आहे, त्यांच्या घरी हा प्रश्न रोजच उभा आहे.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो मला पुस्तकात सापडला नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. तेथल्या मिस्त्रींना सगळे अण्णा म्हणतात. प्रीमिअर पद्मिनीचे इंजिन बिघडले की ते स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकत. कोणता टॅपेट वाजतो आहे ते सांगत, कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवत आणि पुन्हा ऐकत. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. अण्णांकडे तशी गाडी येऊन आता बरेच दिवस झाले. मी त्यांना या विजेच्या ई-टाइपचे छायाचित्र दाखवले. त्यांनी बॉनेटखाली काय आहे ते नीट पाहिले.

"अण्णा, ही बिघडली तर?"

"मग आमच्याकडं कशाला आणताय? वाइंडिंगवाल्याकडं न्या की," एवढेच ते म्हणाले आणि हातातल्या कामाकडे वळले.

एक्स-के इंजिनाच्या कार्ब्युरेटरांची जुळणी हीदेखील कानाची विद्या आहे; दोन-तीन कार्ब्युरेटरांचा श्वास रबरी नळीने ऐकून सारखा करावा लागतो. ही विद्या कोणत्याही खोक्यात खूण आणि तारीख घालून ठेवता येत नाही. ती गाडी चालते म्हणून टिकते. उद्या मिरजेच्या एखाद्या उत्तम तंबोऱ्याच्या तारा काढल्या आणि भोपळ्यात इलेक्ट्रॉनिक पेटी बसवली, तर सूर मिळेल, तंबोरा भिंतीशी शोभून दिसेल आणि तारा परत चढवण्याची सोयही राहील. पण जवारी काढणारा तोवर राहील काय? न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील ई-टाइपही मूक आहे, हे मला माहीत आहे. मात्र तिच्या फुगवट्याखाली तो फुगवटा करणारे इंजिन आहे. झिरोच्या फुगवट्याखाली बॅटरी आहे. तिला फुगवट्याची गरज नव्हती.

यावरून मी सरसकट विरोधी आहे असा समज होऊ नये. बहात्तर हजार गाड्यांपैकी कित्येक अशा असतील की ज्यांचे इंजिन कधीच हरवले, ज्यांच्या सांगाड्यावरील क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक यांची ताटातूट झाली. अशा गाडीत मोटर बसवून तिला रस्त्यावर आणले तर मी टाळ्या वाजवीन. तसेच ज्या उघड्या गाडीत साधेच, दुसऱ्या एखाद्या घरगुती गाडीचे इंजिन बसवलेले असे, तिच्याबाबत माझा आग्रह सौम्य राहील. पण क्रमांक जुळणारी, पुरी, चालू स्थितीतील ई-टाइप असेल तर तिला हात लावू नये. रूप राहील, उपयोग राहील, कदाचित वाढेलही. पण ती जाण जाईल, आणि ज्याला आपण 'उलटवता येण्याजोगे' म्हणतो त्यात तिचा विचार केलेला नाही.

राहता राहिले खोक्यातले इंजिन. फिवाच्या सूचनेप्रमाणे ते ठेवायचे ठरवले, तर नुसते ठेवून चालत नाही. पाणी पूर्ण काढावे लागते, नाहीतर आतून गंज धरतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडावे लागते आणि काही महिन्यांनी इंजिन हाताने थोडे फिरवावे लागते. तसे न केल्यास पिस्टनच्या कड्या सिलिंडरला चिकटून बसतात आणि इंजिन जाम होते. वीस वर्षांनी मालकाच्या मुलाला ते परत गाडीत घालावेसे वाटले, तर त्याला दोन-तीन कार्ब्युरेटर, त्यांच्या सुया, गॅस्केट, आणि ते जुळवणारा एक माणूस शोधावा लागेल. सुया आणि गॅस्केट आजही इंग्लंडात नव्या बनवून मिळतात.